चाळिशीनंतरचा बार

2023 च्या सप्टेंबरात बीबीसीवरच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या नृत्यस्पर्धेचं नवं पर्व सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात अँजेला रिपन चा-चा-चा करायला उतरल्या. 1970 च्या दशकात ब्रिटनच्या घराघरांत बातम्या सांगणारा हा चेहरा. वय 78. या स्पर्धेत एवढ्या वयाचं कुणी तोवर उतरलेलं नव्हतं, त्यामुळे प्रेक्षक कौतुकाच्या आणि जरा सांभाळून घेण्याच्या तयारीनेच बसले होते. नाचता नाचता रिपनबाईंनी एक पाय उचलला आणि गुडघ्यात जराही न वाकवता पार डोक्याच्या उंचीला नेला. सांभाळून घेण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

चा-चा-चा हा क्युबातला नाच. तो पाय मात्र बॅलेचा होता. रिपन लहानपणी बॅले शिकल्या होत्या. पत्रकारितेच्या धबडग्यात ते सुटलं आणि पुढे मोठ्या वयात त्यांनी ते पुन्हा धरलं. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स 2017 पासून 55 वर्षांपुढच्यांसाठी ‘सिल्व्हर स्वान्स’ नावाचे बॅलेवर्ग चालवते. त्यांचा प्रचार रिपन करतात. या वर्गांत येणाऱ्या कित्येकांनी आधी आयुष्यात कधी बॅलेचे बूट घातलेले नसतात.

बॅले म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती सहा-सात वर्षांची, अंबाडा घट्ट बांधलेली मुलगी. या कलेचं शिक्षण बहुतेकदा खरोखरच त्या वयात सुरू होतं, त्यामुळे हा समज काही खोटा नाही. पण गेल्या काही दशकांत या वर्गांच्या दारात वेगळीच माणसं उभी राहू लागली आहेत. कुणी शनिवारी साल्सा नाचणारं, कुणी लग्नाच्या वाढदिवसासाठी बॉलरूम शिकायला लागलेलं, कुणी वर्षानुवर्षं जॅझ किंवा कंटेम्पररी करणारं. यांच्यापैकी कुणालाही राजहंस व्हायचं नसतं. त्यांना आपला नाच सुधारायचा असतो. गिरकी घेताना तोल जातो, दोन गाण्यांनंतर पाठ बोलायला लागते, आरशात खांदे कानांशी गेलेले दिसतात, अशा तक्रारी घेऊन ते येतात. शिक्षकही बहुतेकदा त्यांना तेच सुचवतात, वर्षभर बॅले करून बघा.

मग पहिल्या दिवशी ते येतात आणि त्यांना एका दांडीला धरून उभं केलं जातं.

ही दांडी म्हणजे बार. साधारण कमरेच्या उंचीला भिंतीलगत बसवलेली लाकडी किंवा लोखंडी नळी. ‘संध्याकाळी बारला जाते’ असं घरी सांगून होणारा विनोद एकदाच होतो, पण होतोच. बारवर हात नुसता ठेवायचा असतो, पकडायचा नसतो. नवखा माणूस मात्र लोकलच्या दांड्याला लटकावं तसा तिला घट्ट धरतो, आणि शिक्षकाची पहिली अर्धी मेहनत ती मूठ सोडवण्यात जाते. तासा-दीड तासाच्या वर्गाचा निम्मा वेळ इथेच जातो. क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी प्लिये, म्हणजे गुडघे बाहेरच्या दिशेने वाकवून खाली जाणं आणि वर येणं. मग तांद्यू, पाय जमिनीवरून घासत लांबवून बोटांचं टोक ताणणं. पुढे जमिनीवर पायाने अर्धवर्तुळ काढणं, मग पाय हवेत उचलणं, शेवटी जोरात वर फेकणं. मधूनच रलव्हे येतं, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. नवख्या मराठी कानाला ते ‘रेल्वे’ वाटतं, आणि चवड्यांवर अर्धा मिनिट उभं राहून पोटऱ्या थरथरायला लागल्या की त्यात फारसं चुकीचंही वाटत नाही.

ही सगळी नावं फ्रेंच आहेत त्याचं कारण एका राजाचा हौशीपणा. चौदावा लुई स्वतः नाचत असे. 1653 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो एका दरबारी बॅलेत उगवत्या सूर्याची भूमिका करून गेला, आणि ‘सूर्यराजा’ हे बिरुद त्याला आयुष्यभर चिकटलं. 1661 मध्ये त्याने पॅरिसमध्ये नृत्याची राजेशाही अकादमी काढली. पायांच्या पाच मूळ स्थिती त्याचे नृत्यगुरू पिएर बोशाँ यांनी बसवल्या असं मानतात. आज पॅरिस असो, टोकियो असो की मुंबई, शिक्षकाने ‘पाचवी’ म्हटलं की सगळे एकाच पद्धतीने पाय जुळवतात. पा द शा म्हणजे मांजराची उडी, हे कळायला फ्रेंच यावं लागत नाही. दोनचार वेळा केली की मांजर आपोआप दिसतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. या सगळ्याने दुसऱ्या नाचाला नेमकं काय मिळतं?

नाचासाठी लागणारी तयारी ढोबळमानाने दोन प्रकारची असते. एक दम आणि दुसरा ताबा. दम म्हणजे पाच मिनिटांचं गाणं धापा न टाकता पूर्ण करणं. ताबा म्हणजे त्या पाच मिनिटांत आपलं वजन नेमकं कुठे आहे हे प्रत्येक क्षणी ठाऊक असणं आणि ते हवं तेव्हा हवं तिथे नेता येणं. पोहणं, सायकल, जिना यांनी दम वाढतो. पण रोज पाच किलोमीटर पळणारा माणूस एका पायावर उभा राहून दुसरा हळूहळू बाजूला उचलायला गेला तर दहाव्या सेकंदाला डुगडुगतो. पळताना तो एका पायावर टिकून राहतच नाही; तोल जायच्या आत दुसरा पाय पुढे पडलेला असतो. बॅले नेमका हा निसटता क्षण पकडून ताणतं. एका पायावर उभं राहा. आता टाच उचल. आता हात वर. आता बार सोड.

हे काम पायाच्या तळव्यापासून सुरू होतं. एका पावलात 26 हाडं असतात आणि त्यांना सांभाळणारे बरेचसे छोटे स्नायू आपण दिवसभर बुटांत झोपवून ठेवतो. तांद्यू करताना टाच, चवडा, बोटं या क्रमाने पाऊल उलगडतं आणि त्याच वाटेने परत येतं. शेकडो वेळा हे झालं की पाऊल जमिनीला ‘वाचायला’ लागतं. साल्सात चवड्यावर वळताना किंवा वॉल्ट्झमध्ये टाचेवरून चवड्यावर चढताना याचाच उपयोग होतो. बॉलरूमच्या शिक्षकाने तोंडी सांगून जे महिनोन् महिने कळत नाही, ते कधीकधी बारजवळच्या कंटाळवाण्या दहा मिनिटांत कळून जातं. कंटाळवाणी म्हणायचं कारण, ती खरोखरच तशी असतात. गाणं लावून घाम गाळण्याच्या सवयीतून आलेल्या माणसाला पहिले दोन महिने आपण काही करतोय असंच वाटत नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मात्र कळतं.

गिरकीची गोष्ट आणखी रंजक आहे. पिरुएत घेताना नर्तक समोरच्या एका बिंदूवर नजर रोवतो, शरीर वळत राहतं, मान शेवटपर्यंत मागे राहते आणि मग झटक्यात पुढे येऊन पुन्हा तोच बिंदू पकडते. कथकच्या चक्करमध्येही नजर अशीच समोर परतते, फरक इतकाच की कथकमध्ये फिरण्याची धुरा टाचेवर असते आणि बॅलेत चवड्यावर. पण नर्तकांना चक्कर न येण्याचं श्रेय एकट्या नजरेचं नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 29 बॅले नर्तकींना आणि त्यांच्याच वयाच्या, तशाच तंदुरुस्त 20 वल्हेपटू स्त्रियांना अंधाऱ्या खोलीत फिरत्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची थांबल्यावर ‘अजून फिरतोय’ ही भावना किती वेळ टिकते ते मोजलं. अंधारात नजर रोवायला काहीच नव्हतं, तरीही नर्तकींची ही भावना लवकर ओसरली. कानाच्या आतल्या तोलयंत्राकडून येणारे संदेश लहान मेंदूच्या ज्या भागात पोहोचतात तो भाग नर्तकींमध्ये लहान आढळला. वर्षानुवर्षांच्या सरावाने मेंदू त्या संदेशांकडे काणाडोळा करायला शिकतो, असा संशोधकांचा अर्थ. या स्त्रिया लहानपणापासून शिकलेल्या होत्या हे विसरून चालणार नाही. चाळिशीत सुरुवात करणाऱ्याने एवढ्या बदलाची आशा धरू नये. पण सरावाने गरगर कमी होते हा अनुभव मोठ्या वयातही येतो. सुरुवातीला एका अर्ध्या गिरकीत भिंत फिरते. काही महिन्यांनी भिंत जागेवर राहते, आपण फिरतो.

दमाचं काय? इथे बॅलेचे भक्त थोडे नाराज होतील. 1980 च्या दशकापासून संशोधक नर्तकांच्या वर्गात यंत्रं लावून हृदयाचे ठोके आणि प्राणवायूचा वापर मोजत आले आहेत, आणि त्यातून वारंवार एकच गोष्ट दिसते. बॅलेचा वर्ग हा थांबत थांबत केलेला व्यायाम आहे. एक-दीड मिनिट हालचाल, मग बाजू बदलणं, शिक्षकाचं बोलणं, पुन्हा हालचाल. बारवर तर हृदयावरचा ताण माफकच असतो. शेवटच्या उड्यांत तो एकदम चढतो, पण तो भाग छोटा. व्यावसायिक नर्तकांचीही प्राणवायू वापरण्याची क्षमता लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या बरीच मागे भरते. म्हणून आता मोठमोठ्या बॅले कंपन्या आपल्या नर्तकांना वर्गाबाहेर पोहायला, सायकल मारायला, वजनं उचलायला लावतात. नवरात्रात रात्रभर गरबा खेळायचा आहे म्हणून कुणी जूनपासून नुसता बॅले लावला, तर त्याचे खांदे सुरेख दिसतील आणि अकरा वाजता तो खुर्ची शोधेल. चालणं किंवा पळणं सोबत ठेवावंच लागतं.

वजन उतरवण्यासाठी येणाऱ्यांचीही अशीच निराशा होते. त्या वाटेवर एक वेगळी शाखाच फुटली आहे. लॉटे बर्क ही कोलोनची नर्तकी नाझी राजवटीतून निसटून लंडनला आली. पाठीच्या दुखापतीनंतर तिने बारचे व्यायाम आणि दुखापतग्रस्तांना दिले जाणारे व्यायाम यांची सांगड घातली आणि 1959 मध्ये लंडनच्या मँचेस्टर स्ट्रीटवरच्या एका तळघरात वर्ग काढला. अभिनेत्री जोन कॉलिन्ससारखी मंडळी तिथे यायची. 1970 च्या दशकात तिची पद्धत न्यूयॉर्कला गेली आणि आज जगभरच्या जिममध्ये ‘बार’ नावाने जे वर्ग चालतात त्यांचं मूळ तिथे आहे. मांड्या पेटवणारे व्यायाम म्हणून ते उत्तम आहेत. पण त्यात बहुतेकदा नृत्य नसतं, आणि नाच सुधारायचा असणाऱ्याने जाहिरात नीट वाचून मगच पैसे भरावेत.

वयाने काही दारं मात्र बंद होतात. सगळ्यात मोठं दार खुब्याचं. बॅलेत दोन्ही पाय खुब्यातून बाहेर वळवून उभं राहायचं असतं; याला टर्नआउट म्हणतात. आदर्श चित्रात दोन्ही पावलं मिळून सरळ रेष होते, म्हणजे प्रत्येक पाय 90 अंश वळलेला. प्रत्यक्षात प्रौढ माणसाचा खुबा साधारण 40 ते 50 अंशच बाहेर वळतो. त्यातलं पुष्कळसं हाडाच्या ठेवणीवर अवलंबून असतं आणि ही ठेवण किशोरवयातच पक्की झालेली असते. उरलेले अंश माणूस मग गुडघ्यातून आणि घोट्यातून चोरतो. आरशात रेष छान दिसते, सहा महिन्यांनी गुडघा हिशोब मागतो. चांगला शिक्षक म्हणूनच मोठ्या विद्यार्थ्याला सरळ रेष मागत नाही, पावलांचा इंग्रजी ‘व्ही’ झाला तरी पुरे म्हणतो.

आपल्याकडे एक लाडका समज आहे की मांडी घालून बसणाऱ्यांना टर्नआउट सोपं जातं. तसं होत नाही. मांडी घालताना खुबा पुढे दुमडलेला असतो आणि त्या अवस्थेत त्याच्या पुढच्या बाजूचा जाड बंध सैल पडतो, म्हणून पाय सहज वळतो. बॅलेत खुबा सरळ ठेवून, उभ्याने वळायचं असतं. तेव्हा तोच बंध ताठ होऊन आडवा येतो. भरतनाट्यम केलेल्यांना अरैमंडी या अर्ध्या बैठकीची सवय असल्याने प्लिये ओळखीचं वाटतं. पण अरैमंडीत वजन जमिनीत उतरतं, टाच आणि तळवा दणकून पडतो. प्लियेतून नर्तक वर निघायच्या तयारीत असतो. भरतनाट्यमच्या नर्तकीला बॅलेत अवघड जातं ते बसणं नव्हे, उठणं.

या दोन नाचांची गाठ मुंबईत एकदा अशी पडली की तिने आपल्या नृत्याचा इतिहासच वळवला. 1928 मध्ये रशियन नर्तकी अॅना पावलोव्हा मुंबईत आली होती. तिचा कार्यक्रम रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पाहिला, आणि पुढे ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या बोटीवर दोघींची पुन्हा भेट होऊन मैत्री जुळली. रुक्मिणीदेवी तेव्हा चोवीस वर्षांच्या, विवाहित. पावलोव्हाच्या कंपनीतली क्लिओ नॉर्डी हिच्याकडे त्या बॅले शिकू लागल्या. बॅलेच्या हिशोबाने हे वय केव्हाच उलटून गेलेलं. पावलोव्हाने त्यांना आपल्याच देशातल्या नृत्याकडे बघायला सुचवलं. त्याप्रमाणे त्या मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम शिकल्या, 1935 मध्ये रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि 1936 मध्ये त्यांनी मद्रासला कलाक्षेत्राची स्थापना केली. कलाक्षेत्र शैलीतल्या लांब, स्वच्छ रेषांमध्ये बॅलेची शिस्त दिसते असं अनेक जाणकार म्हणतात. काहींना ते मान्य नसतं. ते काहीही असो, एका प्रौढ विद्यार्थिनीच्या त्या शिकवणीचा उपयोग शेवटी दुसऱ्याच नाचाला झाला.

मुंबईतलंच अलीकडचं उदाहरण मनीष चौहानचं. टॅक्सीचालकाचा हा मुलगा रस्त्यावरचा नाच करायचा, कोलांट्या मारायचा. डान्सवर्क्स या संस्थेत त्याला येहुदा माओर हे इस्रायली-अमेरिकी गुरू भेटले आणि इतर मुलं तयार होऊन कंपनीत जायच्या बेतात असतात त्या वयात त्याने बारला हात लावला. सुनी तारापोरवाला यांचा 2020 चा ‘ये बॅले’ हा चित्रपट त्याच्या आणि अमिरुद्दीन शाह या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या वाटचालीवर आधारलेला आहे आणि त्यात मनीषने काम केलं आहे. ‘कॉल मी डान्सर’ या माहितीपटात तर तो स्वतः म्हणूनच दिसतो. तो पुढे न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीत नाचू लागला, ती कंटेम्पररी नृत्याची होती. इंग्रज नृत्यदिग्दर्शक मॅथ्यू बोर्नने 22 व्या वर्षी पहिल्यांदा नृत्याचं शिक्षण घ्यायला सुरुवात केली आणि 1995 मध्ये पुरुष हंसांचं ‘स्वान लेक’ करून दाखवलं, तेही याच रांगेतलं. आणि अमेरिकन फुटबॉलमधला धिप्पाड हर्शेल वॉकर 1988 मध्ये फोर्ट वर्थ बॅलेबरोबर रंगमंचावर नाचला होता, हे ऐकल्यावर निदान आपल्या अंगकाठीचं कारण पुढे करायला तोंड राहत नाही.

अर्थात ही माणसं अपवादात्मक. साधा विद्यार्थी आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा येतो. लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये 1979 पासून एका जुन्या अननसाच्या गोदामात पाइनॅपल स्टुडिओज चालतं. तिथे पैसे भरून कुणीही वर्गात शिरू शकतं. आपल्याकडे मोठ्यांसाठीचे वर्ग मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आणि मोजकेच. वर्ग निवडताना आधी शिक्षकाकडे नव्हे, जमिनीकडे बघावं. बॅलेची जमीन लाकडी, खाली पोकळी ठेवून थोडी लवचीक केलेली असते, त्यावर पाय घसरू नये असं आच्छादन. फरशीवर किंवा थेट काँक्रीटवर घातलेल्या टाइल्सवर बार चालेल. उड्या चालणार नाहीत. घोटा, पोटरी, नडगी यांची दुखणी तिथून सुरू होतात. गुडघ्याचं जुनं दुखणं, ठिसूळ झालेली हाडं किंवा चक्करचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून आणि शिक्षकांना सांगूनच सुरुवात करावी. पहिल्या तासाला हे सांगायला लाजणारे बरेच असतात, आणि शिक्षकाला ते तिसऱ्या महिन्यात कळतं.

आणि तो प्रश्न, जो प्रत्येक जण दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात हळूच विचारतो, पॉइंट शूज कधी? 1832 मध्ये मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’मध्ये अंगठ्यांच्या टोकांवर नाचली तेव्हापासून लोकांच्या मनात बॅले म्हणजे ते टोकदार बूट. मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्यांपैकी काहींना काही वर्षांनी, घोटे आणि पावलं पुरेशी बळकट झाल्यावर, ते घालता येतात. पण साल्सासाठी किंवा कथकसाठी आलेल्याला त्यांची गरज नसते. त्याला लागतात मऊ कातडी किंवा कापडी बूट, पायात मोज्यासारखे बसणारे. यातल्या बऱ्याच जोड्यांना इलॅस्टिक एका टोकालाच शिवलेलं येतं. दुसरं टोक बूट पायात घालून, मापाने, स्वतः शिवायचं असतं. त्यामुळे पहिल्या वर्गाच्या आदल्या रात्री, चष्मा नाकावर घेऊन, एक पाय टीपॉयवर ठेवून सुईत दोरा ओवत बसलेली माणसं आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. टाके मात्र फार ओढायचे नाहीत, बूट चुणतो.